न मावलेली ओळ

ऑफिसात तिला सगळे खोडरबर म्हणत. हे नाव ठेवलं तिच्या पहिल्या साहेबांनी. तेच साहेब पुढे तिचे सासरे झाले, त्यामुळे नाव ऑफिसातून निघून घरात आलं आणि कायमचं मुक्कामाला राहिलं. नवख्या माणसाला वाटायचं, ही बाई दिसेल ते पुसत सुटत असणार. प्रत्यक्षात इतकं जपून पुसणारं माणूस त्या अख्ख्या इमारतीत दुसरं नव्हतं. ऑफिसच्या फ्रीजमधला शिळा पावसुद्धा ती "हा कुणाचा आहे का?" असं सगळ्यांना विचारल्याशिवाय टाकत नसे. लोक हसायचे. हसू देत.

ऑफिस म्हणजे चपलांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. जिन्यात कायम नव्या चामड्याचा वास, वर मोजकी माणसं, आणि खांद्यानं धक्का दिल्याशिवाय न उघडणारी एक खिडकी. तिथे एक लायब्ररी सांभाळली जायची. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. दुसऱ्यांना आपापल्या प्रोग्रॅममध्ये आयते बसवता येतील असे कोडचे तुकडे एकत्र करून ठेवतात, त्यालाही लायब्ररीच म्हणतात. ही लायब्ररी अक्षरं हाताळायची. तिकिटं छापणारी यंत्रं, वजनकाट्याच्या पावत्या, पार्सलवरचे पत्ते, औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं, अशा कुणाच्या डोळ्यांत न भरणाऱ्या पण रोज लागणाऱ्या ठिकाणी ती जाऊन बसली होती. कुठे कुठे, ते बनवणाऱ्यांनाही धड ठाऊक नव्हतं. ज्याला हवी तो घेऊन जायचा.

या लायब्ररीतलं जुनं, मोडकं, गैरसोयीचं झालेलं काढून टाकणं हे खोडरबरचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण जो भाग आपल्याला मोडका वाटतो, त्याच्यावर कुठल्यातरी कोपऱ्यातल्या कुणाचातरी रोजचा व्यवहार टेकलेला असतो. आपण भाग काढला की तिकडे तो माणूस तोंडघशी पडतो, आणि का पडलो हेही त्याला कळत नाही. म्हणून तिचा नियम ठरलेला होता. आधी सांगायचं, मग थांबायचं, मग काढायचं. पहिल्या आवृत्तीत नुसता इशारा, जुनं सगळं पूर्वीसारखं चालू. लोकांना बदल करून घ्यायला भरपूर सवड. मगच पुढच्या आवृत्तीत हात घालायचा. ऑफिसात याला डेप्रिकेट करणं म्हणत. ती निरोप देणं म्हणायची.

शेजारच्या टेबलाशी तुफान बसायचा, हेही ऑफिसनंच ठेवलेलं नाव. तिच्याच वयाचा गृहस्थ, डोक्यावरचे केस गेले होते पण घाई शिल्लक होती. "कशाला एवढी मनधरणी?" तो म्हणायचा. "उडवून टाक आज. ओरडतील त्यांना उत्तर देऊ."

"तुझ्या घरचं कुलूप मी न सांगता बदललं तर चालेल?" ती विचारायची. तुफान हसून कामाला लागायचा आणि दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच म्हणायचा.

आता त्या लायब्ररीतला सगळ्यात जुना भाग, ज्याच्यावरून हे सगळं रामायण घडलं, तो होता 'ओळ' नावाचा एक क्लास, म्हणजे एकाच कामासाठी बांधलेला कोडचा गठ्ठा. ओळीला आधी सांगायचं, तुझी रुंदी एवढी. मग तिच्यात मजकूर भरायचा. मावला तर उत्तम. नाही मावला तर ओळ उरलेलं शेपूट गुपचूप कापून टाकायची आणि जणू काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं पुढचं काम चालू ठेवायची. ना कुरकुर, ना इशारा, ना चूक झाल्याची खूण. जो कोणी पहिल्यांदा वापरायचा तो हमखास चकायचा.

ओळ लिहिली होती सासऱ्यांनी. ती त्यांना सर म्हणे. ऑफिसात सर होते म्हणून घरातही सरच राहिले, 'बाबा' म्हणायला तिचं तोंड कधी वळलंच नाही. सरांनी हा कोड लिहिला तेव्हा यंत्रांची मेमरी एवढीशी असायची आणि प्रोग्रॅम एखाद्या चुकीवर अडला की तिकीट खिडकीपुढची रांगच्या रांग खोळंबायची. मग ते यंत्र परत चालू करून द्यायला सर स्वतः बसमध्ये धक्के खात जायचे. त्या वैतागातून त्यांनी शपथच घेतली, की काही झालं तरी माझा कोड अडणार नाही. न मावलेलं कापील, पण रांग पुढे सरकवील. त्या काळी लोकांनी त्यांना दुवा दिला. निवृत्तीच्या दिवशी केलेल्या छोट्याशा भाषणातही त्यांनी एकच गोष्ट छाती फुगवून सांगितली होती, "माझ्या कोडनं आजवर कुणाचं काम अडवलं नाही."

आणि त्यांच्याच विसरभोळेपणावर खोडरबरचा संसार उभा राहिला होता. सर रोज चष्मा घरी विसरायचे आणि त्यांचा मुलगा तो ऑफिसात आणून द्यायचा. मुलाचं स्वतःचं चष्म्याचं दुकान. तिथे दुसरा चष्मा बनवून ऑफिसात ठेवायला त्याला कितीसा वेळ लागणार होता? पण त्यानं तो बनवला लग्न ठरल्यानंतर. यावरून काय ते समजा.

तर अशा या ओळीबद्दल अलीकडे तक्रारींचा पाऊस पडायला लागला होता. जुनी माणसं तिची सवय ओळखून होती, पण नवे लोक तिच्या भरवशावर मोठमोठे मजकूर भरत होते. कुणाच्या घर क्रमांकाचा शेवट गायब होऊन पार्सल शेजारच्या इमारतीत गेलं. कुणाच्या तिकिटावर गावाचं नाव अर्धं आलं आणि त्या बाई भलत्याच स्टँडवर उतरल्या. प्रत्येक वेळी खोडरबर खोदत खोदत मुळाशी जायची आणि तिथे ओळ शांतपणे बसलेली सापडायची. शेवटी ऑफिसच्या मालकीणबाईंनी सांगितलं, "पुरे झालं. हिला निरोप द्या."

खोडरबरनं योजना नेहमीप्रमाणे नीट आखली. या आवृत्तीत ओळ कापील, पण कापताना इशारा देईल. पुढच्या आवृत्तीत न मावणारा मजकूर घ्यायलाच नकार देईल. ज्याला खरोखर कापूनच हवं असेल, त्याच्यासाठी 'कापून दे' असं वेगळं सांगायची सोय. सगळं चोख होतं. एकच गोष्ट राहिली होती. सरांना सांगायची.

रोज सकाळी ते तिच्यासमोर बसून टोस्ट खायचे. रोज ती ठरवायची, आज सांगू. आणि रोज शब्द घशाशी येऊन परत फिरायचे. त्याला कारण होतं. मागल्या वर्षी सर बहिणीकडे राहायला गेले असताना तिनं आणि नवऱ्यानं त्यांच्या खोलीतला जुना, पेटीएवढा मॉनिटर भंगारात देऊन टाकला होता. तो कधीचाच बंद पडलेला. सर परत आले, रिकाम्या टेबलाकडे त्यांनी पाहिलं आणि अवाक्षर काढलं नाही. त्यानंतर ते हळूहळू मिटत गेले असं तिला वाटायचं. आधी संध्याकाळचा चहा सोडला. मग तिखट सोडलं, आंबट सोडलं. छातीत जळजळ होते म्हणायचे. मग बागेतल्या बाकावर जमणाऱ्या मित्रांकडे जाणंही बंद केलं. डॉक्टर म्हणाले वय आहे, नवरा म्हणाला वय आहे. तिच्या मनानं मात्र सगळं खापर त्या मॉनिटरवर फोडलं होतं. आता या माणसाला जाऊन कसं सांगायचं, की तुमच्या आयुष्यातली एक अभिमानाची गोष्ट उरली होती, तीही मी काढतेय?

"सांगून टाक ना," नवरा म्हणाला.

"तू सांग. वडील तुझे."

"कोड तुझा."

"कोड त्यांचाच आहे, तोच तर घोळ आहे!"

शेवटी दोघंही मूग गिळून बसली आणि इशाऱ्याची आवृत्ती जगात गेली. सरांना कानोकान खबर नाही.

पहिले काही दिवस शांततेत गेले. मग एका सकाळी फोन वाजला, तो ठेवेपर्यंत दुसरा वाजला, आणि दुपारपर्यंत ऑफिसची पार दाणादाण उडाली. वजनकाट्याच्या पावत्यांवर बटाट्याच्या खाली छापून येत होतं, 'इशारा: ओळ मावली नाही, शेवट कापला. ही पद्धत कालबाह्य असून पुढील आवृत्तीत बंद होईल.' बसच्या तिकिटांवर हेच. एका दुकानात साड्यांच्या खोक्यांवर हेच. एक आजी तिकीट घेऊन कंडक्टरशी भांडल्या, की बससेवा बंद करताय तर आधी सांगायला काय झालं होतं?

झालं होतं असं. लायब्ररीला बाहेर काही बोलायचं असेल तर त्याला एकच वाट होती. खोडरबरनं इशारा त्या वाटेनं पाठवला. ऑफिसातल्या प्रत्येक यंत्राला पडदा होता, त्यामुळे चाचणीत इशारा पडद्यावर शहाण्यासारखा उमटला. पण ओळ जिथे खरी नांदत होती त्या छोट्या छपाईच्या डब्यांना पडदा नसतोच. त्यांना तोंड एकच, कागदाचं. जे बोलायचं ते छापूनच. ही गोष्ट ऑफिसातल्या कुणालाही आठवली नाही, कारण असल्या डब्यांशी झटापट केलेला माणूस कधीच निवृत्त होऊन घरी बसला होता.

मालकीणबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. "उद्या सकाळी ही आवृत्ती मागे घ्यायची," त्या म्हणाल्या. "आणि त्या ओळीला पुन्हा कुणी हात लावायचा नाही. कापू दे तिला काय कापायचं ते. निदान गप्प तरी होती."

"पण बाई, माणसांचे पत्ते चुकतायत..."

"चुकू देत. फोन तर येत नव्हते!"

खोडरबर घरी आली ती पाय ओढत. इतक्या वर्षांत तिच्या हातून असा गोंधळ झाला नव्हता, आणि ज्यासाठी झाला ते कामही आता कायमचं बुडणार होतं. जेवणाच्या टेबलापाशी सर बसले होते. समोर त्यांच्या गुडघेदुखीच्या गोळ्यांची नवी बाटली. त्यांनी ती बोटानं तिच्याकडे सरकवली.

"हे तुझं का?"

तिनं बाटली उचलली. लेबलावर सरांचं नाव, औषधाचं नाव, त्याखाली 'रोज सकाळी एक गोळी,' आणि त्याच्याही खाली तिचा तो इशारा, शब्द न् शब्द.

"सर, मी सांगणारच होते."

"कधी?"

तिनं बाटली परत टेबलावर ठेवली. नवरा नुकताच दुकानातून आला होता, तो दारातच थबकला.

"ओळखीच्या ना पाळखीच्या अशा माणसांना तू आधी सांगतेस," सर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, ते जास्त वाईट होतं. "त्यांना सवड देतेस. मी रोज तुझ्यासमोर बसतो. मला कळलं ते औषधाच्या दुकानात."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"वाटेलच! वाटायलाच हवं! माझी वस्तू जातेय, तर वाईट वाटायचा हक्क तरी माझ्याकडे ठेवशील की नाही?" आता मात्र आवाज चढला. "त्या मॉनिटरच्या वेळीही तेच. मी काय म्हणणार होतो? नेऊ नका म्हणणार होतो? वर्षानुवर्षं बंद पडलेला डबा तो. फक्त एकदा हात फिरवला असता त्याच्यावर."

"तुम्ही काही बोलला नाहीत, बाबा," नवरा दारातूनच म्हणाला.

"तुम्ही काही विचारलं नाहीत."

खोडरबरच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला स्वतःचीच लाज वाटत होती. जिचा सगळा लौकिक विचारून पुसण्याचा, तिनं घरातल्या माणसाच्या बाबतीत तेच केलं होतं जे ओळ करायची. न मावणारी गोष्ट गुपचूप बाजूला टाकली आणि पुढचं काम चालू. "चुकलं माझं," ती म्हणाली. "सर, खरंच चुकलं."

सरांनी बाटली स्वतःकडे ओढली. मग त्यांनी घसा साफ केला, जसा ते पूर्वी ऑफिसात दुसऱ्याचा कोड फाडायला घेण्याआधी करायचे.

"आता दुसरा मुद्दा. इशारा कागदावर कसा आला? त्या डब्यांना पडदा नसतो हे कुणाच्या ध्यानात नाही? गिऱ्हाइकाला कशाला इशारा? त्या बिचाऱ्यानं काय करायचं त्याचं, बाटलीला चिकटवायचं? इशारा द्यायचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला, तो प्रोग्रॅम बांधायला घेतो तेव्हा, त्याच्या पडद्यावर. डब्यावर एक अक्षर उमटता कामा नये. मला एका शब्दानं विचारलं असतंस तर हे झालं नसतं."

"हो सर."

"तिसरा मुद्दा." इथे ते अडखळले. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं, जे तिनं बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. एखाद्या मुलाला आपली फजिती सांगायची असावी पण हसू आधी फुटावं, तसं. "तुझ्या इशाऱ्यात लिहिलंय, शेवट कापला. म्हटलं, कापला तर कापला, पण काय कापलं? मी तिथेच औषधवाल्याला म्हटलं, तुझ्या कॉम्प्युटरवर तू टाइप केलंस काय ते दाखव. तो म्हणाला, काका, रांग आहे. मी म्हटलं, असू दे."

सर रांगेला असू दे म्हणाले, हेच मुळात आक्रीत होतं.

"त्यानं दाखवलं. 'रोज सकाळी एक गोळी, नाश्ता झाल्यावर.'"

कुणालाच पटकन कळलं नाही. मग नवऱ्याच्या डोक्यात उजेड पडला. "म्हणजे तुम्ही ही गोळी..."

"उठल्या उठल्या. पाण्याबरोबर. लिहिलं होतं तसं."

"अहो बाबा, उपाशीपोटी? डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं असेल. सांगितलेलं मी धरत नाही. लिहिलेलं धरतो." सरांनी बाटली उचलून दिव्याकडे धरली. "म्हणून ती जळजळ. औषधवाला म्हणाला, मग दुसरं काय होणार? मी चहा सोडला, लोणचं सोडलं, त्या बाकावरच्या मंडळींना सोडलं. आणि करणारा कोण? मीच. माझ्या ओळीनं माझाच नाश्ता कापला!"

आणि ते हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग चष्मा काढून डोळे पुसावे लागले. नवरा हसला. खोडरबर रडता रडता हसली, आणि काय करतेय हे तिचं तिलाही कळेना. मॉनिटरचं ओझं ती एवढे दिवस उगाच वाहत होती की काय, असा विचार तिच्या मनात आला. पण सगळंच उगाच नव्हतं, हेही तिला ठाऊक होतं.

जेवताना तिनं मालकीणबाईंचा निर्णय सांगितला. उद्या इशारा मागे घेणार, ओळ आहे तशीच राहणार, कायमची. सांगताना तिला वाटून गेलं, सरांना कदाचित बरंच वाटेल. त्यांची वस्तू वाचत होती.

सर घास हातात धरून थांबले. "किती वाजता मागे घेणार?"

"सकाळी गेल्या गेल्या."

"मग मलाही घेऊन चल."

दुसऱ्या दिवशी सरांनी आधी टोस्ट खाल्ला, मग गोळी घेतली, मग इस्त्रीचा शर्ट घातला. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच ते चपलांच्या दुकानावरचा तो जिना चढले, कठड्याला धरून, मध्ये दम खात. वर तुफान उठून उभा राहिला. मालकीणबाईही उभ्या राहिल्या, त्या एके काळी सरांच्या हाताखाली शिकल्या होत्या. सरांनी खिशातून बाटली काढून त्यांच्या टेबलावर ठेवली आणि सगळी कथा सांगितली, स्वतःची फजिती जराही न वगळता.

"तुम्ही म्हणता निदान ओळ गप्प होती," ते म्हणाले. "मीच तिला गप्प राहायला शिकवलं. तेव्हा ते बरोबर होतं, आजही मी त्याची माफी मागणार नाही. पण अडलेला माणूस निदान विचारतो तरी, की का अडलं? न अडलेला माणूस माझ्यासारखा रोज सकाळी उपाशीपोटी गोळी खात राहतो आणि डॉक्टर म्हणतात वय झालं. या पोरीचं बरोबर आहे. चुकली ती फक्त इशाऱ्याची वाट. ती मी दाखवतो. पण माघार घेऊ नका."

मालकीणबाईंनी बाटली हातात घेऊन लेबल वाचलं. मग पुन्हा वाचलं. "फोन कोण घेणार?" त्यांनी विचारलं.

"मी घेतो," सर म्हणाले. "ओळ माझी आहे. शिव्या खायचा मान माझा."

आणि खरोखरच त्यांनी घेतले. जवळपास पूर्ण आठवडा ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून फोनवर लोकांना समजावत होते, कधी हात जोडून, कधी दटावून. त्या आजींना, ज्यांनी कंडक्टरशी भांडण केलं होतं, त्यांनी बस चालू राहणार असल्याचा शब्दही देऊन टाकला, जो द्यायचा त्यांना काडीचा अधिकार नव्हता. मधल्या वेळात खोडरबरनं छपाईवरचा इशारा काढला आणि प्रोग्रॅम बांधताना दिसणारा नवा इशारा घातला. त्यातली वाक्यं सरांना पसंत पडेनात. "कालबाह्य काय, पद्धत काय! कुणी मेल्याची बातमी लिहितेयस का?" म्हणत त्यांनी तिला खुर्चीतून उठवलं आणि दोन बोटांनी टाइप करायला घेतलं. 'ही ओळ न मावलेला मजकूर न सांगता कापते. आजवर चाललं. पुढच्या आवृत्तीपासून चालणार नाही. कापूनच हवं असेल तर कापून दे असं तुम्ही स्वतः लिहा.'

तुफाननं ते मागून वाचलं. "सर, इशारा आहे की धमकी?"

"माणूस बघून ठरव."

मग थांबायचे दिवस आले. खोडरबर थांबली, तुफान कुरकुरला. सरांची जळजळ मात्र थांबली नाही, गेली. आधी कमी झाली, मग एका संध्याकाळी त्यांनी स्वयंपाकघरात येऊन चहाचं आधण स्वतः ठेवलं आणि कप घेऊन बागेत गेले. बाकावरच्या मंडळींनी त्यांना म्हणे रुसलेला जावई म्हणून चिडवलं. ते घरी येऊन सांगताना त्यांना झालेला आनंद लपत नव्हता.

जुनी सवय काढायचा दिवस जवळ आला तेव्हा खोडरबरनं आदल्या दिवशीच त्यांना सांगितलं, "सर, उद्या ओळीचं कापणं काढतेय. तुम्ही येता का? तुम्हाला हवं तर तुम्हीच पुसा."

"मी नाही पुसणार. मी लिहिलंय. पुसायचं तू." मग थोड्या वेळानं, "पण बघायला येतो."

ते तिच्या खुर्चीमागे उभे राहिले. कापणाऱ्या त्या काही ओळी पडद्यावर होत्या, वर त्यांचं नाव. "एक मिनिट," ते म्हणाले, आणि त्यांनी त्या एकदा मनातल्या मनात वाचल्या, ओठ हलवत. खोडरबरनं मान वळवली नाही. "हं," सर म्हणाले. तिनं पुसलं. वरचं नाव मात्र तिनं तसंच ठेवलं, आणि तेही विचारून.

नवी आवृत्ती फिरत फिरत औषधाच्या दुकानापर्यंत पोचायला बराच काळ गेला. पोचली त्या दिवशी सर आणि खोडरबर दोघंही गोळ्या आणायला तिथे उभे होते. संध्याकाळची वेळ, मागे ही रांग. औषधवाल्यानं टाइप केलं, बटण दाबलं आणि लेबलाची वाट पाहिली. डबा ढिम्म. त्यानं डब्यावर एक थाप मारली, मग कॉम्प्युटरकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आता याला काय झालं? म्हणे ओळ मावत नाही. म्हणे 'नाश्ता झाल्यावर' एवढं राहतंय, काय करू ते सांगा." त्यानं रांगेकडे हताशपणे पाहिलं. "इतके दिवस बिनबोभाट छापत होतं हो. आता यंत्रंसुद्धा विचारायला लागली. कुणी बनवलं असेल हे?"

मागून कुणीतरी चकचक केलं. खोडरबरला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. एवढी रांग अडली होती, आणि शेजारी तो माणूस उभा होता ज्यानं आयुष्यभर रांग अडू दिली नव्हती.

सरांनी काउंटरवरचा हात काढला आणि पूर्ण मागे वळून रांगेकडे तोंड केलं.

"माझ्या सुनेनं," ते म्हणाले, शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "न विचारता काही कापत नाही ती."

औषधवाल्यानं एकदा त्यांच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मजकूर दोन ओळींत मोडून पुन्हा बटण दाबलं. लेबल आलं. सरांनी ते सगळं शेवटपर्यंत वाचलं, मान डोलावली आणि बाटली तिच्या पिशवीत टाकली.

"चला, बाबा," खोडरबर म्हणाली, आणि रांग पुढे सरकली.